वरच्या मजल्यावरचा फोल्डर

३ नोव्हेंबर, सोमवार

लिहा, पूर्णिमाबाई. तारीख तुमची, बाकी सगळं माझं. आणि मधे मधे माझं मराठी सुधारायचं नाही. तुम्ही छत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या लाल केल्यात, माझी करू नका. मी 'मतलब' म्हटलं की 'मतलब'च लिहायचं.

मी आनंदीबाई. वय विचारू नका, अक्षरं तर विचारूच नका, एकही येत नाही. पण वही ठेवायची ठरवली, कारण या घरात एक लढाई सुरू झालीये आणि तिचा हिशेब ठेवणारं कोणीतरी हवं. शेजारीण तुमच्यासारखी मास्तरीण असताना मी का गप्प बसू.

तर गोष्ट अशी. माझी नात ऋजुता. चार महिन्यांपूर्वी तिने इथल्याच पलासिया भागातल्या ऑफिसची नोकरी सोडली आणि घरीच पत्रिकांचं काम काढलं. लग्न, मुंज, वास्तुशांत, तेराव्याचं पत्रसुद्धा. वरच्या खोलीत तिचा मोठा कम्प्यूटर आहे, त्यावर ती पत्रिका मांडते. खाली बैठकीत जुना कम्प्यूटर. तिथे शैलजा, माझी सून, आलेल्या लोकांना पत्रिका दाखवते, नावं आणि मुहूर्त तपासते. दोघींचा फोल्डर एकच. मतलब असं समजा, कपाट वर आहे आणि त्याला एक दार खालीही उघडतं. वर ठेवलं की खाली दिसतं.

हे दार चालवते एक पांढरी पेटी. तिची तार देवघराच्या बाजूने घरात आली, म्हणून पेटीही देवाच्या फळीवर बसवली, मला न विचारता. दिवसभर हिरव्या डोळ्यांनी लुकलुकते. दिवेलागणीला मी तिचे डोळे मिटते. संध्याकाळी घरातला पहिला उजेड निरांजनाचा असतो, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. शुभंकरोती होईतो बटण खाली, मग वर. त्या वेळी ऋजू प्रेसला गेलेली असते आणि शैलजा भाजीला, त्यामुळे कोणाचं अडत नाही.

लढाई आहे माझ्या मुलाशी. सुजय म्हणतो, "आई, हे घर आहे, दुकान नाही." त्याच्या मित्राने पुण्यात ऋजूसाठी नोकरी बघितलीये. तीस तारखेपर्यंत कळवायचंय. काल त्याने अट घातली: "हा महिना गडबड न होता चाललं तर माझं काही म्हणणं नाही. नाही तर ऋजुता पुण्याला आणि हे सगळं बंद."

मी म्हटलं, "ठरलं. तू फक्त तीस दिवस तोंड बंद ठेव."

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी शैलजा हळूच म्हणाली, "फोल्डर उघडत नाहीये." ती सगळंच हळू म्हणते. अठ्ठावीस वर्षांत तिचा मोठा आवाज मी एकदाच ऐकला, मोरीत विंचू निघाला होता तेव्हा.

ऋजू धावत खाली आली. "काल तर चालत होतं यार." मग तिने काय काय केलं ते मी खुर्चीत बसून बघितलं. आधी पासवर्ड बदलला. मग कम्प्यूटरच्या आत म्हणे एक भिंत असते, चोरांना अडवायला, ती पाडली आणि पुन्हा बांधली. मग फोल्डर वाटायचा बंद केला, पुन्हा वाटायला घेतला. काही होईना. शेवटी वैतागून दोन्ही कम्प्यूटर आणि पेटी, सगळंच बंद करून चालू केलं, आणि उघडला.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"मग दुरुस्त कसा झाला?"

"तेही माहीत नाही, आजी."

आमच्या वेळी वैद्यसुद्धा याहून जास्त थापा मारायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी ठीक होतं, शुक्रवारी बंद, आज पुन्हा ठीक. केबलवाल्या नीरजला बोलावलं. त्याच्यासमोर फोल्डर पटकन उघडला. घरी तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरसमोर उड्या मारतं ना, तसा.

नीरजने तरी एक तार बदलली, फुंकर मारली आणि म्हणाला, "दादीजी, अपनी तरफ से सब ओके है. कम्प्यूटर का इश्यू होगा."

मी म्हटलं, "भिया, काल कम्प्यूटरवाला आला होता, तो तुझं नाव घेऊन गेला."

सुजय दारात उभा राहून हे ऐकत होता. हसला नाही. फक्त म्हणाला, "बघ आई, महिन्याचे आठच दिवस झालेत."

ऋजू वर फोनवर पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होती. खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे, असं विचारत होती. लहानपणापासून पोरीला खिडक्यांचं वेड.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण वाईट दिवस गाळले तर वही कशाला.

सोमवारी सकाळी फोल्डर बंद. ऋजू बाहेर, एका गिऱ्हाइकाकडे. प्रेसवाला दारात उभा, त्याला बेटमा गावच्या जयेशरावांच्या मुलीची पत्रिका हवी. शैलजाकडे त्याच पत्रिकेची जुनी प्रत वेगळी ठेवलेली होती. तिने ती दिली. आता त्या जुन्या प्रतीत मुहूर्त संध्याकाळचा होता आणि नंतर त्यांनी तो सकाळचा केला होता. बदल वरच्या फोल्डरात, खाली दिसेल कसा.

दोनशे पत्रिका छापून झाल्या. आज जयेशराव आले. भला माणूस, ओरडले नाहीत. म्हणाले, "आजी, नवरी सकाळी सासरी निघून जाणार आणि पाहुणे संध्याकाळी येऊन मांडव शोधणार. जेवायला तरी घालाल ना त्यांना?"

दोनशे पुन्हा छापून दिल्या. शैलजा दिवसभर बोलली नाही, मतलब नेहमीपेक्षाही कमी बोलली. दुपारी कपडे वाळत घालायला वर गेली ती दीड तासाने उतरली. मी म्हटलं, "वर गंगा वाहते का, एवढा वेळ?" तर नुसती हसली.

सुजयने पुण्याच्या नोकरीचं पत्र आणून फ्रिजवर चिकटवलं. बोलला असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

दिवेलागणीला देवासमोर बसले आणि म्हटलं, माझ्या नातीचं काम मोडायला निघालेला जो कोणी असेल, त्याला समोर आण. मग पेटीचं बटण वर केलं आणि जेवायला गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मला सुजयचा संशय येतो. एवढंच लिहा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उज्जैनहून फोन आला. आमचे चुलत दीर प्रतापराव गेले. नव्वदीला टेकले होते, शेवटपर्यंत स्वतःची दाढी स्वतः केली. दहा दिवस सुतक. देवघराला पडदा लावला. पूजा नाही, दिवा नाही. तुम्ही म्हणालात, मी येऊन लावते. नको म्हटलं. घरात माणूस गेलं की घराने थोडं अंधारात बसावं.

प्रतापराव मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, तुम्हाला अक्षर येत असतं तर आमची धडगत नव्हती." तेव्हा मी लाजले होते. आता वाटतं, बरोबरच होतं त्यांचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिहा, मोठ्या अक्षरात लिहा: सहा दिवस झाले, फोल्डर एकदाही अडला नाही. सकाळी उघडतो, दुपारी उघडतो. शैलजा खाली, ऋजू वर, पत्रिका अशा जातायत येतायत की जणू जिन्याने पळतायत. ऋजू म्हणते नीरजच्या तारेचा गुण उशिरा लागला असेल. मी म्हणते माझ्या संशयाचा गुण आहे. मी मागच्या बुधवारी सुजयकडे नुसतं बघितलं, आणि गुरुवारपासून सगळं सरळ.

जेवताना मी मुद्दाम म्हटलं, "सुजय, फ्रिजवरचं ते पत्र पिवळं पडायला लागलं की रे."

"आई, अजून अकरा दिवस आहेत."

"दिवसांचं काय, ते जातातच. तू भात घे."

२३ नोव्हेंबर, रविवार

काल सुतक फिटलं. आज पडदा काढला, देव घासले. संध्याकाळी पेटीचे डोळे मिटून निरांजन लावलं तेव्हा बरं वाटलं. दहा दिवस ती पेटी एकटीच लुकलुकत होती, देवघराची मालकीण असल्यासारखी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बंद.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी सकाळी पोह्यांच्या ताटावर सगळ्यांसमोर विचारलं.

"सुजय, तार तूच काढतोस ना?"

"कोणती तार?"

"पत्रिकांची. सुतकात तुला भीती वाटली, म्हणून दहा दिवस हात लावला नाहीस. सुतक फिटलं आणि सुरू झालास."

"आई, ती तार कुठून कुठे जाते तेही मला माहीत नाही."

"तुझे वडीलही असंच म्हणायचे, खिशात बिडी ठेवून."

ऋजू म्हणाली, "आजी, बाबा असं नाही करणार." मी म्हटलं, तू गप्प बस, तुला पुण्याला पाठवायची घाई आहे त्याला. सुजयने ताट सरकवलं आणि पोहे न खाता निघून गेला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण दारातल्या पायऱ्या उतरताना पाठ अगदी सहावीतल्या पोरासारखी दिसत होती.

पूर्णिमाबाई, तुम्ही लेखणी का थांबवलीत? तुम्हाला वाटतं मी चुकले? वाटू दे. लिहा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजचं सावकाश लिहा. एकही शब्द गाळू नका, माझ्या बाजूचा नाही की माझ्या विरुद्धचा नाही.

दुपारी तुम्ही आलात तेव्हा ऋजू चहा घेऊन आपल्याजवळ बसली. म्हणाली, "आजी, तुझ्या वहीत असेल ना, कोणत्या दिवशी बंद पडलं आणि कोणत्या दिवशी चाललं? मी काही लिहून ठेवलं नाही." शिकलेल्या पोरीने लिहून ठेवलं नाही, आणि जिला अक्षर येत नाही तिच्या वहीत सगळं सापडणार. मला फार बरं वाटलं. म्हटलं, वाचा पूर्णिमाबाई.

तुम्ही तारखा वाचत गेलात, ऋजू कागदावर मांडत गेली. बंद, चालू, बंद, चालू. आणि तेरा ते बावीस, ओळीने चालू.

"या दहा दिवसांत आपण वेगळं काय केलं?" ऋजूने विचारलं.

"सुतक होतं," शैलजा म्हणाली.

"सुतकात काय काय नव्हतं?"

शैलजा बोटं मोजायला लागली. गोडधोड नव्हतं. देवळात जाणं नव्हतं. पूजा नव्हती. दिवा नव्हता.

तेव्हा तुम्ही पानं मागे उलटलीत. पहिल्या पानावर थांबलात. चष्मा पुसलात. आणि शाळेतल्या आवाजात वाचलंत: दिवेलागणीला मी तिचे डोळे मिटते.

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"आजी," ऋजू म्हणाली, "तू रोज संध्याकाळी पेटी बंद करतेस?"

"पाचच मिनिटं. मग चालू करते की. मी काय चोर आहे?"

ऋजू जमिनीवर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मी हसले नाही. मी म्हटलं आधी समजावून सांग.

तिने सांगितलं ते असं. पेटी बंद होऊन चालू झाली की आधीचं सगळं विसरते. सकाळी जो कम्प्यूटर आधी उठेल त्याला पहिला नंबर देते, नंतरच्याला दुसरा. खालच्या कम्प्यूटरला सांगून ठेवलेलं, की फोल्डर पहिल्या नंबरच्या घरात आहे. ज्या दिवशी ऋजू आधी उठली, त्या दिवशी वरच्याला पहिला नंबर, फोल्डर उघडला. ज्या दिवशी शैलजाने खालचा आधी लावला, त्या दिवशी पहिला नंबर खालच्यालाच. मग तो बिचारा पहिल्या नंबरच्या दारात जाऊन हाका मारतो, आणि दार त्याचं स्वतःचंच.

"मतलब रोज नवी रांग," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांच्या मिलमध्ये असं नव्हतं. प्रत्येकाला पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. सकाळी आधी या की भोंगा झाल्यावर या, नंबर तोच. त्या पेटीला सांग, बिल्ले वाट म्हणावं."

ऋजूचं हसू थांबलं. "आजी, अगदी हेच करायचं होतं. मी तीन आठवडे भिंती पाडत बसले."

ती बिल्ले वाटायला वर गेली. शैलजा तिच्यामागे गेली. आपण दोघीच उरलो.

आता लिहा, पूर्णिमाबाई. जयेशरावांच्या दोनशे पत्रिका मी वाया घालवल्या. आणि माझ्या मुलावर नाही तो आळ घेतला. लिहिलंत? पान उलटा. त्यावर बघत बसू नका.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुजयला ऋजूने सांगितलं. संध्याकाळी तो लवकर आला आणि थेट देवघरापाशी उभा राहिला. मी वात वळत होते.

"मग आई, आता पेटी चालू ठेवून दिवा लावशील?"

"नाही."

"सुतकात दहा दिवस देवाला चाललं की."

"ते सुतक होतं. हा माझा हट्ट आहे."

"पेटी चालू राहिली तर देव रागावेल?"

"देव नाही रागावणार. मी रागावेन. देवाची समजूत काढता येते, माझी काढून बघ."

मी त्याच्या देखत बटण खाली केलं. निरांजन लावलं. सगळं म्हटलं, एक अक्षर न गाळता, जरा सावकाशच. मग बटण वर. ऋजूने मुद्दाम खालचा कम्प्यूटर आधी उठवला आणि वरचा नंतर, आता अडला तर आत्ताच अडू दे म्हणून. शैलजाने फोल्डरवर टिचकी मारली. उघडला.

मी म्हटलं, "पोहे करू?"

"संध्याकाळी?"

"मंगळवारचे राहिलेत तुझे."

तो पाटावर बसला. दोन वेळा मागून घेतले. यापेक्षा जास्त माफी माझ्याकडे नाही, पूर्णिमाबाई, आणि त्याला तेवढी पुरते.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सुजयने फ्रिजवरचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "आज कळवायचंय."

माझं भाषण तयार होतं. तीन दिवस मनात घोळवलेलं. बिल्ले वाटल्यापासून एकदाही अडलं नाही, आधीची गडबड माझ्या बटणाची, पोरीच्या कामाची नाही, आता तिला राहू दे. मी घसा साफ केला.

तेवढ्यात ऋजू म्हणाली, "बाबा, मला जायचंय."

घसा साफ तो साफच राहिला.

"काम बंद पडलं म्हणून नाही," ती म्हणाली. "ते आता चालतंय. चालतंय म्हणूनच जाते. मला ते पुण्याचं काम बघायचंय. आजी, रागावू नकोस."

दुखलं. लिहा, दुखलं. महिनाभर मी तिच्यासाठी भांडत होते आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुढचं लगेच लिहा, इथे रेंगाळू नका.

सुजयचा चेहरा सुटला. म्हणाला, "चला, मग ठरलं. शैला, त्या पत्रिकावाल्यांना कळवून टाक, काम बंद."

शैलजा मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणाला कळवू?"

"तुझ्या त्या सगळ्या लोकांना."

"माझ्या लोकांना काय कळवायचं? डिसेंबरच्या अकरा पत्रिका आहेत. त्यातल्या सात मी वर बसून मांडल्यात. ऋजूने नुसत्या बघितल्या." तिने एक शेंग उघडली, दाणे ताटात टाकले. "तुम्ही अट ऋजूला घातली होतीत. मला कोणी घातली नव्हती. मी बंद करणार नाही."

आवाज तोच, हळू. पण सुजय असा बघत राहिला जणू पुन्हा मोरीत विंचू निघालाय. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, मी तिला बोलायला शिकवलेलं नाही. मला आजच कळलं की तिला येतं.

तो हट्टाने म्हणाला, "बरं. तू वर बसून पत्रिका मांडशील. मग खाली आलेल्या माणसांना कोण बघणार?"

"मी," मी म्हटलं.

"आई, तुला वाचता येत नाही."

"त्यांना येतं ना. शैलजा वरून पत्रिका पाठवेल, ऋजू जायच्या आधी मला फोल्डर कुठे दाबायचा ते दाखवेल, चित्र माझ्या लक्षात राहतं. मग मी माणसाला समोर बसवीन आणि म्हणेन, वाच मोठ्याने, तुझ्या घरचं लग्न आहे. जिथे अडखळेल तिथे चूक. तुमच्या वाचणाऱ्यांनी दोनशे पत्रिका संध्याकाळच्या छापल्या. मी कानाने तपासीन."

शैलजा हसली, पहिल्यांदा दात दिसतील अशी. ऋजू म्हणाली, "आजी, हे भारी आहे." सुजयने पत्र उचललं, घडी केली आणि पुण्याला फोन लावायला गच्चीत गेला. जाताना म्हणाला, "पाटी लावणार असाल तर सांगा, मी करून आणतो." मी म्हटलं, सांगू, आधी तू जिना मोकळा कर.

बस, पूर्णिमाबाई, आता वही मिटा. चार वाजता पलासियाची माणसं यायची आहेत, मुंजीची पत्रिका घ्यायला, आणि तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलाय.